पुनर्वसन गावठाणात फोटो प्रदर्शन: कोणता फोटो कुठं लावायचा यावरून झालेलं एक प्रकरण

पहिले प्रकरण काय ते सांगतो, मग तपशिलात जाऊ. पाच नवीन फोटोग्राफर, सगळे तिशीच्या आतले, विषय आठवण आणि विस्थापन, जागा गोसेखुर्द धरणात बुडालेल्या एका गावाच्या, पवनी तालुक्यातल्या पुनर्वसन गावठाणातलं समाजमंदिर, आणि वेळ दिवाळीनंतरच्या मंडईची, म्हणजे इकडच्या गावजत्रेची. फोटो चांगले होते, त्यावर वाद नाही. वाद झाला तो कोणता फोटो कोणत्या भिंतीवर लावायचा यावर, आणि तो इतका लांबला की प्रदर्शन एकदा पूर्ण उतरवून परत लावावं लागलं, मग परत लावलेल्यावरही भांडण झालं. मी यात प्रिंट आणि टांगाटांगीचं काम बघत होतो म्हणून सगळं समोर घडलेलं आहे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची पण नाही, कारण बऱ्याच जणांच्या वाढीव मोबदल्याच्या केसेस अजून चालू आहेत.

ज्यांना गोसेखुर्द फक्त बातमीतूनच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं. वैनगंगेवरचं धरण, भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च पुढे हजारो कोटींवर गेला. भिंत ११ किलोमीटरच्या वर, दरवाजे ३३, पाणी भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या अडीच लाख हेक्टरसाठी. पण आपल्या प्रकरणात कामाचा आकडा वेगळाच आहे, २४५.५० मीटर, म्हणजे धरणाची पूर्ण पातळी. ही पातळी एका वर्षात गाठली नाही, टप्प्याटप्प्यानं वाढवत नेली, त्यामुळे इकडचं विस्थापन एका दिवसात झालेलंच नाही. कोणाची खालची धानाची बांधी आधी गेली आणि घर नंतर, कोणी घर मोडून लाकूडफाटा नवीन प्लॉटवर नेला आणि स्वतः जुन्या गावातच गुरांच्या कोठ्यात राहिला, कोणी २०१३ चं जवळपास १२०० कोटींचं पॅकेज जाहीर झाल्यावर हललं. एकाच गल्लीतल्या दोन घरांना गाव सोडल्याचं वर्ष विचारलं तर दोन वेगळी वर्षं सांगतात आणि दोघंही खरं सांगतात. विस्थापनाचे फोटो म्हटलं की डोक्यावर बोचकी, बैलबंडी, मागं पाणी असं काहीतरी लोकांना अपेक्षित असतं, इथं तसा एकही फोटो नव्हता, कारण तसा एक दिवसच आला नाही.

आता फोटोग्राफर. नावं नाहीत, कामावरून ओळखा.

पहिला ह्याच गावठाणातला पोरगा, सेकंडहँड डीएसएलआर, त्यानं फक्त दरवाजे काढले. जुनं गाव सोडताना लोकांनी सागवानी चौकटी उखडून आणल्या होत्या, मातीची भिंत राहिली तिथंच पण चौकट आणली, कारण सागाला पैसा आहे आणि आजोबानं बसवलेली आहे. नवीन घर विटा-सिमेंटचं, वर स्लॅब, आणि ती चौकट त्या भिंतीत नीट बसेचना. मग कुठं वरून एक वीत कापली, कुठं बाजूला अर्ध्या विटा भरून फट बुजवली, आणि एका घरात चौकट इतकी रुंद की दार दोन पाखांचं, घर एका खोलीचं, त्यामुळे डावी पाख कायमची बंद आणि तिच्यामागं धानाचे कट्टे रचलेले. त्या फोटोत कापलेल्या सागाचा ताजा पिवळा भाग दिसतो आणि त्याच्या खाली शंभरेक वर्षांचा तेलकट काळा रंग. एवढा एक फोटो असता तरी माझ्या मते प्रदर्शन झालं असतं.

दुसरा लग्नाचा फोटोग्राफर. गोंदियाकडचा, सीझनमध्ये झोप नाही आणि बाकी वर्ष पासपोर्ट फोटो. त्यानं भिंतीवर लावायला काही दिलंच नाही, त्यानं करिझ्मा अल्बम केला, म्हणजे लग्नाचा असतो तसाच, जाड पानं, चमकदार, कव्हरवर खिडकी आणि आत बुडीत गाव. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जोते उघडे पडतात, जमिनीत पुरलेलं उखळ दिसते, तुळशीवृंदावनाचा बुंधा दिसते, ते सगळं त्यानं नवरा-नवरीच्या पोझ लावतात तसं दोन-दोन पानं पसरून लावलं. नागपूरच्या एका मॅडमनं तयारीच्या मीटिंगमध्ये याला किच म्हटलं, म्हणजे भडक, सवंग काम. म्हणू द्या.

तिसरी नागपूरची, फाइन आर्टवाली, ट्रायपॉड लावून रात्रीचे लांब एक्सपोजर, गावठाणातला एकच चालू असलेला स्ट्रीट लाइट, त्याच्याखालचा रिकामा रस्ता, लांबवर पाण्याचा काळा पट्टा. नऊ फोटोंची सिरीज, ओळीत लावायची, चौथ्यात लाइट बंद होतो आणि सातव्यात परत लागतो, असा तिचा हिशेब. चौथा भिवापूरचा, जलाशयातले काम, उभी वाळलेली झाडं, धिवर म्हणजे मासेमार लोकांचे डोंगे, जाळ्यात मासोळीपेक्षा जास्त आलेली जलपर्णी.

पाचवी ह्याच जुन्या गावच्या बौद्ध मोहल्ल्यातली, आता नागपूरला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करते. तिनं स्वतः फोटो कमी काढले आणि गोळा जास्त केले. धरणासाठी घरांची मोजणी झाली त्या वेळी घरासमोर घरमालकाला उभं करून फोटो घेतले होते, हातात पाटी, पाटीवर खडूनं घर नंबर. हे फोटो लोकांच्या ट्रंकेत, निवाड्याच्या कागदासोबत, पिवळ्या पडलेल्या झेरॉक्समध्ये पडून होते. गरीब घरात जुन्या घराचा तो एकमेव फोटो असतो, आणि त्यात माणूस गुन्हेगारासारखा पाटी धरून उभा. तिनं ते स्कॅन करून मोठे केले आणि त्याच माणसाला आजच्या दारासमोर उभं करून बाजूला दुसरा काढला, पाटी न देता. काही जणांचे हात त्या दुसऱ्या फोटोतही छातीजवळ गोळा झालेलेच दिसतात. तिनं कोणाला तसं करायला सांगितलं नव्हतं.

आता लावण्याचं. आपल्याकडे प्रदर्शन लावायची जी सर्वमान्य पद्धत आहे त्यात एका फोटोग्राफरला एक भिंत मिळते, वर नाव, खाली चार ओळीचं निवेदन, फोटोंमध्ये सारखं अंतर, डोळ्याच्या उंचीला मध्यरेषा. आम्ही तसंच लावलं. सिमेंटच्या भिंतीत खिळा जाईना म्हणून वरून जीआय तार ताणली आणि बाइंडर क्लिपनं प्रिंट लटकवले, पंखा लावला की सगळं हलायचं म्हणून खालूनही दोरी मारली. निवेदनं छान टाइप केलेली होती, त्यात अनुपस्थिती, अवशेष, भूदृश्य असे शब्द होते.

पहिल्या संध्याकाळी बरीच गर्दी झाली. मंडईसाठी लेकीबाळी माहेरी आलेल्या, रात्री नाटक होतं, झाडीपट्टीचं नाटक म्हणजे रात्र काढायची तयारी करूनच लोक निघतात, त्यामुळे आठ-नऊ वाजेपर्यंत लोक निवांत समाजमंदिरात. अर्ध्या तासात एक गोष्ट लक्षात आली. लोक फोटो बघत नव्हते, शोधत होते. एका भिंतीवर आपल्या घराची चौकट सापडली की माणूस लगेच त्याच्या बाजूला शेजाऱ्याचं घर शोधायचा, ते तिथं नसायचं, ते समोरच्या भिंतीवर दुसऱ्या फोटोग्राफरच्या कामात, आणि त्याच घराचं जोतं अल्बममध्ये अठराव्या पानावर. एक आजीबाई तीनदा फिरून आल्या आणि मला म्हणाल्या, "बाप्पा, हे गाव तं तुमी पाखडून टाकलं. मारोती कुठं हाये यातला?"

मारोती नव्हता. मारोतीच्या देवळाचा फोटो कोणीच काढला नव्हता कारण देऊळ उतरवून मूर्ती नवीन गावठाणात आणली आहे, जुन्या जागी काही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेऊन पोचलो तर जुने कोतवाल, वय ऐंशीच्या घरात, आणि त्यांच्यासोबत सात-आठ माणसं हॉलमध्ये होती आणि त्यांनी खडूनं फरशीवर गाव काढायला सुरुवात केली होती. परवानगी वगैरे काही नाही. उत्तरेकडून रस्ता येतो म्हणजे समोरचं दार, मग मारोती, मग पाटलाचा वाडा, पूर्वेला नदी आणि नदीच्या अंगानं धिवर टोली, पश्चिमेला आखर म्हणजे गुरं गोळा करायची जागा, मध्ये कुणब्या-तेल्यांची घरं. आणि मग एकेक फोटो काढून ज्याच्या त्याच्या जागी. फोटोग्राफरच्या नावाच्या पट्ट्या टेबलावर गोळा करून ठेवल्या, नीट, रबर लावून.

आम्ही विरोध केला नाही. उलट लग्नवाला फोटोग्राफर त्यांच्यात जाऊन बसला आणि अल्बम उसवायला तयार झाला, त्याला लोकांनीच नको म्हटलं. भिवापूरच्या पोराला एक मोठा धक्का बसला, त्यानं ज्या वाळलेल्या झाडांच्या फोटोखाली ह्या गावाचं नाव टाकलं होतं ती झाडं ह्या गावाची नाहीतच, नदीपलीकडच्या गावच्या आमराईची आहेत, असं डोंगेवाल्यांनी झाडाच्या फांदीवरून सांगितलं. तो फोटो मग नदीच्या पलीकडे, म्हणजे पूर्वेच्या खिडकीच्या बाहेरून, काचेला लावला. मला हे फार आवडलं. कुठल्या क्युरेटरला हे सुचलं नसतं.

जिथं फोटो नव्हता तिथं कोरा ए-थ्री कागद लावायचा आणि मार्करनं लिहायचं असं ठरलं. मारोती, चावडी, शाळेची पडवी, बोडी म्हणजे लहान तळं, पोळ्याला बैल उभे करायची जागा. हे कागद हळूहळू फोटोंपेक्षा जास्त झाले. विहिरीचा कागद लावताना बाया आल्या आणि एक कागद पुरणार नाही म्हणाल्या. विहिरी दोन होत्या. दोन कागद लावले.

इथपर्यंत ऐकलं की सगळे खुश होतात, वा, लोकांनी प्रदर्शन ताब्यात घेतलं वगैरे. खरं प्रकरण इथून सुरू होते.

जुन्या गावात बौद्ध मोहल्ला दक्षिणेला, गावाच्या खालच्या टोकाला, मध्ये एक नाला. हॉलमध्ये त्या हिशेबानं लावत लावत गेलं तर दक्षिणेच्या भिंतीपर्यंत येता येता जागा संपली, आणि नाला दाखवायचा तर उंबरठा बरोबर नाल्याच्या जागी येत होता, म्हणून त्या मोहल्ल्याचे फोटो मागच्या दारातून बाहेर पडवीत लागले. कोणी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. नकाशा बरोबर होता, माप बरोबर होतं, आणि परिणाम असा की ज्या पाटीवाल्या फोटोंसाठी लोक आदल्या दिवशी सगळ्यात जास्त थांबले होते ते फोटो आता मागच्या पडवीत, हातपंपाच्या बाजूला, ट्यूबलाइट नसलेल्या जागी.

पाटीवाले फोटो गोळा करणारी ती मुलगी दुपारी नागपूरहून आली. तिनं बघितलं आणि कोतवालांना विचारलं, आवाज न चढवता, "आबाजी, आमचा मोहल्ला अजूनबी बाहेरच काहून?"

कोतवाल म्हणाले, "गाव असंच होतं ना बाई. मी का करू?"

त्यावर ती जे बोलली ते मी तेव्हाच मोबाइलमध्ये टाइप करून घेतलं: "असंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण तुमी गावात नेहमी वरतूनच आले. आमी खालतून यायचो. आमाले पहिले आमचाच मोहल्ला दिसे, मारोती लागे सगळ्यात शेवटी."

मग जे झालं त्याला भांडण म्हणायचं की चर्चा ते तुम्ही ठरवा, दीड-दोन तास चाललं. एक बाजू अशी की नवीन गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटलेत, पाटलाच्या बाजूला धिवर आहे आणि त्याच्या बाजूला बौद्ध घर आहे, नळ एक आहे, इतकी वर्षं झाली कोणी काही म्हटलं नाही, आणि आता प्रदर्शनाच्या नावानं तुम्ही ते जुनं वेगळेपण परत आणून ठेवताय. हे म्हणणारा पाटलांच्याच घरचा तरुण मुलगा होता हेही सांगतो. दुसरी बाजू अशी की मग खोटं गाव लावायचं का, सगळे मोहल्ले मिसळून, जे कधी नव्हतंच. तिसरी बाजू, मोहल्ल्यातल्या एका वयस्कर बाईची, की फोटो आत आले नाहीत तरी चालेल पण पडवीत लाइट लावा, आमचं घर आमाले दिसलं पायजे. मला स्वतःला त्या वेळी ही तिसरी मागणी सगळ्यात सरळ वाटली होती आणि मी एक्स्टेन्शन बोर्ड शोधायलाही निघालो होतो.

मुलीनं मिसळायला नकार दिला. तिचं म्हणणं स्पष्ट होतं, नकाशा हलवायचा नाही, दोन विहिरींचे दोन कागदही तसेच ठेवायचे, कारण उद्या कोणी म्हणेल की गावात असं काही नव्हतं. फक्त दार बदला. समोरचं बंद करा, मागचं उघडा, पडवीत मंडप टाका, लाइट लावा, आणि सगळ्यांना खालून येऊ द्या.

तसंच केलं. मंडईसाठी आलेल्या डेकोरेशनवाल्याकडून कनात आणि दोन हॅलोजन घेतले. त्या संध्याकाळी आलेला प्रत्येक माणूस हातपंपाकडून वळसा घालून आला, पहिले त्याला विहार दिसलं, पंचशील ध्वजाचा वाळलेला बांबू दिसला, पाटी धरून उभी असलेली माणसं दिसली, मग नाला म्हणून उंबरठा, मग पुढं घरं, आणि सगळ्यात शेवटी, बंद दाराला पाठ लावून, मारोतीचा कोरा कागद. फोटो तेच, जागा त्याच. फरक इतका पडला की आदल्या दिवशी बाहेर उभी राहून बघणारी मोहल्ल्यातली माणसं आता दारात उभी राहून बाकीच्यांना सांगत होती, हे कोणाचं, ते कोणाचं. गावातली जवळपास सगळी माणसं त्यांना विचारत होती. दोन घरची माणसं मात्र समोरचं दार बंद बघून तशीच परत गेली आणि मागून यायला तयार झाली नाहीत, मी स्वतः बोलवायला गेलो होतो, "नाटकाची वेळ झाली" म्हणाले. नाटकाला अजून दोन तास होते.

शेवटच्या रात्री गर्दीमुळे दोन्ही दारं उघडावी लागली. माझं मत विचाराल तर नको होतं उघडायला, चेंगराचेंगरी होण्याइतकी गर्दी काही नव्हती, पण आयोजक म्हणून गावातल्या मंडळाला कोणाला नाराज करायचं नव्हतं.

आता फाइन आर्टवाल्या मुलीचं. तिची नऊ फोटोंची ओळ फुटली. लाइट बंद होतो तो फोटो पश्चिमेला आणि परत लागतो तो धिवर टोलीत. ती रडकुंडीला आली होती आणि मला तिचं चुकीचं वाटत नाही, सहा महिने रात्री-बेरात्री उभं राहून केलेलं काम आहे आणि त्याचा अर्थच क्रमात आहे. "लोकांचं ऐका" हे दुसऱ्याच्या कामावर सांगायला सोपं असते. तडजोड म्हणून तिच्या प्रत्येक प्रिंटवर कोपऱ्यात छोटा नंबर टाकला, एक ते नऊ, आणि शाळेच्या पोरांनी त्याचा खेळ केला, नंबरानं शोधत हॉलभर पळायचं. त्यामुळे तिचा क्रम पूर्ण बघितला तो फक्त पाचवी-सहावीच्या पोरांनी. तिला हे नंतर आवडलं की नाही ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते मात्र किच म्हटलेलं काम. सतरंजीवर बाया गोल करून बसायच्या आणि अल्बम मध्ये, लग्नाचा अल्बम बघतात तसंच पान उलटवत, बोट ठेवत, इथं चूल होती, इथं मी पडली होती पोटुशी असताना. भिंतीवरच्या फोटोला बोट लावायला लोक घाबरतात, अल्बमला नाही. उखळाच्या पानावर तर बोटांचे इतके डाग पडले की चमक गेली. आणखी एक गोष्ट अशीच, भिवापूरच्या पोरानं गूगल अर्थवर जुन्या तारखेची उपग्रह प्रतिमा काढून तिचा फ्लेक्स करून आणला होता, फक्त संदर्भासाठी, प्रदर्शनात धरलाच नव्हता. छपरं, रस्ते, आखरातलं चिंचेचं झाड, सगळं वरून. त्याच्याभोवती माणसं तासन्‌तास. फ्लेक्सवर स्केचपेननं घरमालकांची नावं लिहून टाकली. आठवण आणि विस्थापन या विषयावर पाच जणांनी डोकं लावलं आणि लोकांनी जवळ केलं ते यंत्रानं काढलेलं चित्र, हे पचवायला थोडं जड जाते, पण तसं झालं.

अभिप्राय वहीचं पण सांगितलं पाहिजे. आम्ही ठेवली होती "आपल्या भावना लिहा" म्हणून. भावना दोन-तीन पानं. बाकी सगळे अर्ज. प्रति, माननीय, विषय, प्लॉटचा ताबा मिळणेबाबत. वाढीव कुटुंबात नाव नसलेबाबत. प्रकल्पग्रस्त दाखला नातवाच्या नावे करून मिळणेबाबत, कारण सरकारी नोकरीतल्या पाच टक्के समांतर आरक्षणासाठी तो लागतो. पुनर्वसनात द्यायच्या अठरा नागरी सुविधांपैकी आमच्या गावठाणात काय नाही त्याची यादी, स्मशानभूमीचा रस्ता सगळ्यात वर. लोकांना वाटलं फोटोवाले आलेत म्हणजे कुठून तरी पाठवलेले आहेत. मॅडम लोकांना हे जरा वाईट वाटलं की कलेकडे असं बघतात. मला नाही वाटलं. ज्या माणसाच्या घराचा आधीचा एकमेव फोटो मोजणीवाल्यानं काढलेला आहे, त्यानं कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाकडं अर्ज द्यावा यात नवल काय.

याचंच पुढचं टोक म्हणजे प्रिंटची मागणी. काही जणांनी आपल्या जोत्याचे, चौकटीचे फोटो मागितले, कोर्टात लावायला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाता यायचं आणि शेजाऱ्याला वाढवून मिळालं तर २८-अ खाली मागता यायचं, त्या कायद्याखालच्या जुन्या केसेस अजून रेंगाळत आहेत. पण त्यात भाव धरतात कलम ४ च्या, म्हणजे संपादनाच्या पहिल्या नोटिशीच्या तारखेचा, म्हणजे आजच्या उघड्या जोत्याचा फोटो किमतीसाठी फार कामाचा नाही, फार तर तिथं पक्कं जोतं होतं एवढं दाखवेल. आणि डिजिटल फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागते, आधी पुरावा कायद्याचं ६५-ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३. हे सगळं गावातल्याच एका रिटायर बाबूनं समजावून सांगितलं, आम्ही नाही. पाटीवाले फोटो मात्र वेगळे, ते मोजणीच्याच वेळचे आहेत, म्हणून त्या मुलीनं प्रत्येक घराला स्कॅनची चांगली प्रिंट आणि पेनड्राइव्ह दिला आणि मूळ झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून ट्रंकेत परत ठेवायला सांगितली. माझ्या मते अख्ख्या उपक्रमात कायमचं उपयोगी पडेल असं काम हेच.

पुढं हेच प्रदर्शन नागपूरला लावलं. तिथं प्रश्न आला की कसं लावायचं, गावासारखं की गॅलरीसारखं. आम्ही उत्साहात गावाचा नकाशा तिथंही लावून बघितला, खडू वगैरे, मागचं दार वगैरे. चाललं नाही. मागच्या दारातून आलेल्या शहरी माणसाला आपण खालून आलो की वरून याचा काही पत्ताच लागत नव्हता, त्याला ते फक्त नवीन डिझाइन वाटलं, आणि कोऱ्या कागदांसमोर सेल्फी सुरू झाले. तो नकाशा चालायला नकाशातली माणसं लागतात. दुसऱ्या दिवशी परत एका फोटोग्राफरला एक भिंत केली, नऊ फोटोंची ओळ सलग लावली, आणि खरं सांगतो, ती ओळ तिथं फार सुंदर दिसली. एका म्हातारीच्या फोटोवर गावात हळदकुंकू लागलं होतं, ती मधल्या काळात वारली होती म्हणून तिच्या सुनेनं लावलेलं, ते मॅट कागदात उतरलं होतं. गॅलरीतला एक पोरगा ओल्या कपड्यानं पुसायला निघाला तेव्हा चौकटवाल्या पोरानं त्याचा हात धरला.

नागपुरात लोक सगळ्यात जास्त थांबले ते जलपर्णीच्या फोटोपाशी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते आणि गोसेच्या जलाशयात साठते, हे खाली दोन ओळीत लिहिलं होतं. गावात ह्या फोटोला कोणी दोन मिनिटं दिली नव्हती, तिथं रोजचंच आहे ते. इथं लोक वाचायचे, मग फोटो परत बघायचे, आणि मग काही न बोलता पुढच्या भिंतीकडं. एका काकांनी मात्र विचारलं, "म्हणजे आमच्या घरचं पाणी जाते का हो तिकडं?" भिवापूरचा पोरगा म्हणाला, "हो काका, तुमचंच."

सध्याची स्थिती अशी आहे. चौकटींचे प्रिंट ज्याच्या त्याच्या घरी गेले, दोघांनी ते त्याच चौकटीला खिळा मारून लावलेत. अल्बम गावठाणातल्या महिला बचत गटाकडं आहे, लग्नवाल्या फोटोग्राफरला त्यातून दोन लग्नांच्या ऑर्डर मिळाल्या, तो म्हणतो प्रदर्शनाचा खर्च तिथंच निघाला. फ्लेक्स ग्रामपंचायतीत लावलेला आहे, त्याच्यावर नावं अजून वाढत आहेत, आणि बौद्ध मोहल्ल्याच्या बाजूची चार नावं कोणीतरी चुकीच्या छपरांवर लिहिली होती ती त्या मुलीनं येऊन खोडून दुरुस्त केली. अर्जांची वही टाइप करून प्रत्येकाला त्याच्या अर्जाची प्रत दिली आहे, पुढं कुठं द्यायचा ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आता नदीपलीकडच्या गावच्या गावठाणातून निरोप आला आहे की आमच्याकडंही लावा, आमराईचा फोटो आमचा आहे तो पहिले आणा, आणि आमच्या समाजमंदिराला दार एकच आहे तर ते कोणत्या बाजूचं समजायचं ते येण्याच्या आधी बसून ठरवू.